थांबायला लागणारा वेळ

"सर, मायनस नाईन मारू का?"

एवढंच माझ्या हाताखाली काम करणाऱ्या तिनं विचारलं होतं. फेब्रुवारीतली रात्र, पावणेदोन वाजून गेलेले. ऑफिसात आम्ही दोघंच, आणि दाराजवळ शाल गुंडाळून पेंगणारे सिक्युरिटीचे काका. जुन्या सर्व्हरला नवी डिस्क लावायची होती. त्यासाठी एक ते तीन अशी दोन तासांची मुदत मिळाली होती आणि तिकडे डेटा सेंटरमध्ये एक माणूस डिस्क हातात घेऊन आमच्या फोनची वाट बघत होता. त्याआधी डेटाबेस बंद व्हायला हवा होता. तिनं बंद करण्याची कमांड दिली, काळ्या स्क्रीनवर ‘शटिंग डाऊन मायएसक्यूएल’ अशी ओळ उमटली आणि तिच्यापुढे ठिपके पडायला लागले. सेकंदाला एक ठिपका. ओळ भरली की खालची ओळ. अकरा मिनिटांत ठिपक्यांच्या आठ ओळी झाल्या, तरी ते पडतच होते. मी शेजारच्या टेबलावर बसून कुठल्याशा फॉर्ममध्ये वेळा भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "मार."

तिनं मारलं. ठिपके थांबले. मग जे झालं ते मला ठाऊक असायला हवं होतं. मायएसक्यूएलच्या, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या, त्या जुन्या मांडणीत मुख्य प्रोसेसवर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमवर, नजर ठेवायला एक छोटी राखणदार प्रोसेस असते. मालक अपघातानं पडला, तर त्याला उठवून उभं करायचं एवढंच तिचं काम. आम्ही मारलेला घाव तिच्या लेखी अपघातच होता. तिनं लगेच डेटाबेस पुन्हा उभा केला आणि तो उठला तो तसाच, जखमी. लॉग, म्हणजे डेटाबेस आपण काय करतोय ते लिहीत जातो ती फाइल, वाचताना उलगडा होत गेला. संध्याकाळी कुणीतरी काही लाख जुन्या नोंदी पुसायचं काम लावलं होतं. ते अर्धवट होतं. ती अकरा मिनिटं डेटाबेस गप्प बसला नव्हता, पुसलेली एकेक नोंद तो जागच्या जागी परत ठेवत होता, म्हणजे जाताना घर होतं तसं राहील. त्यातच आम्ही त्याला उडवलं. उठल्यावर आधी त्यानं आपली रोजनिशी वाचली, त्यात लिहिलेलं सगळं पुन्हा पानांवर उतरवलं आणि मग परत ठेवायचं काम हाती घेतलं. शिवाय जुन्या पद्धतीचं एक टेबल होतं, त्यानं तर ‘क्रॅश्ड’ म्हणून हातच वर केले. ते दुरुस्त होईपर्यंत पाच पस्तीस झाले. डिस्कवाला माणूस तीन वाजताच निघून गेला होता.

एकही नोंद हरवली नाही. सकाळची बिलं तासभर उशिरा गेली. कुणी आवाज चढवला नाही. उजाडताना टपरीवर चहा घेताना ती फक्त एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही नको म्हणाल."

हे वाक्य मात्र मनातून जाईना. कारण ती विचारत असताना तिचं बोट एंटरच्या वर अधांतरी थांबलेलं मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. तिला खात्री नव्हती, म्हणून तर तिनं विचारलं. मला मात्र अठरा वर्षांच्या सवयीनं उत्तर तयार होतं.

‘मायनस नाईन’ ज्या कमांडला जोडून देतात तिचं नावच ‘किल’ आहे, त्यामुळे ती मारायचीच कमांड, असा नवख्यांचा समज होतो. खरं तर ती निरोप धाडायची कमांड आहे. कोणता निरोप, ते आकड्यानं सांगायचं. काहीच आकडा दिला नाही, तर पंधरा नंबरचा निरोप जातो: सिगटर्म. त्याचा अर्थ ‘आता आवर’. नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमला हा निरोप पोचला की तो नवी कामं घेणं बंद करतो, हातातलं पुरं करतो किंवा मागे घेतो, मेमरीत धरून ठेवलेलं डिस्कवर उतरवतो, कुलपासाठी ठेवलेल्या फाइली काढतो, समोर जोडलेल्यांना मी निघतोय म्हणून कळवतो आणि मग स्वतःहून संपतो. नऊ नंबरचा निरोप, सिगकिल, म्हणजेच ‘मायनस नाईन’, हा निरोप नव्हेच. तो प्रोग्रॅमपर्यंत जातच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या प्रोसेसला जागच्या जागी काढून टाकतो. तो झेलता येत नाही, अडवता येत नाही, ऐकू न आल्यासारखं करता येत नाही. आपण संपलो हे त्या प्रोग्रॅमला कळायची सोयच नसते. वाक्य अर्धं बोलून झालेलं असतं, उरलेलं अर्धं कुठेच नसतं.

आणि नऊ नंबरही कधी कधी चालत नाही. डिस्कच्या उत्तराची वाट बघत कर्नलच्या आत खोल अडकलेली प्रोसेस असते, चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘पीएस’ कमांडच्या यादीत तिच्यासमोर ‘डी’ दिसतो. तिला नऊ मारा, दहा वेळा मारा, ती हलत नाही. ज्याची वाट बघतेय ते उत्तर आलं, की तेव्हाच तिला मरायला उसंत मिळते.

माझ्या हाताला ही नऊची सवय लागली ती पहिल्या नोकरीत. पुण्यात एका तळघरात वीस-बावीस सर्व्हर होते, एसीच्या गार झोतात बोटं आखडायची. ग्राहक फोनवर ओरडत असायचा आणि वरिष्ठ पाठीशी उभं राहून म्हणायचे, उडव, उडव, वर आण. पंधरा देऊन थांबायला कुणाला सवड नव्हती. हळूहळू ‘किल’ लिहिलं की बोटं आपोआप मायनस नाईन लिहायला लागली. त्याच्याही आधी, कॉलेजात असताना, निरोपांची दुसरी ओळख झाली होती. एक नंबरचा निरोप हँगअप, म्हणजे फोन ठेवला गेला. टर्मिनल टेलिफोनच्या तारेनं जोडलेली असायची त्या काळातला तो शब्द. आमच्या गावाकडच्या डायल-अपवर मला त्याचा अगदी शब्दशः अनुभव यायचा. दूरच्या मशीनवर रात्रभराचं काम लावायचो, पहाटे कुणीतरी एक्स्टेन्शनचा रिसीव्हर उचलायचं, लाइन जायची आणि माझं काम तिकडच्या तिकडे मरायचं. मग कुणीतरी ‘नोहप’ शिकवलं: फोन ठेवला गेला तरी मनावर घेऊ नकोस, असं प्रोसेसला आधीच बजावून ठेवायचं. त्या एका शब्दावर मी किती रात्री निवांत झोपलो.

पण थांबवणं म्हणजे काय हे मला मशीनच्या कितीतरी आधी दिसलं होतं, कारण अण्णा, माझे वडील, साखर कारखान्यात बॉयलरवर होते.

कारखान्याची कॉलनी म्हणजे मळीचा आंबूस-गोड वास, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी आणि दर शिफ्टला होणारा भोंगा. अण्णा घरी यायचे तेव्हा त्यांच्या बाह्यांच्या घडीत बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा असायचा. आई अंगणातच शर्ट झटकून घ्यायची. दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं. कुणा संचालकांच्या जोडप्याच्या हस्ते पूजा, नारळ, पेढे. आम्हा पोरांना वाटायचं, आज पेटला म्हणजे उद्या साखर. पण अण्णा त्यानंतर कित्येक दिवस नुसती मंद आच धरून बसायचे. पावसाळाभर ओल धरलेल्या विटा एकदम तापवल्या तर तडकतात, नळ्या एकीकडे फुगतात आणि सांधे सुटतात. सगळं सारखं तापायला हवं. मग वाफ, मग टर्बाइन, मग मिलचे रोलर रिकामे फिरवून बघायचे, आणि सगळ्यात शेवटी गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळी. फोटो मोळीचे यायचे.

बंद होताना हेच सगळं उलटं. मार्चच्या शेवटाला शेवटची बैलगाडी आली, की भोंगा नेहमीपेक्षा लांब व्हायचा. गावाला वाटायचं, संपला हंगाम. अण्णांचा हंगाम त्यानंतर चार-पाच दिवस चालायचा. ऊस थांबला तरी रस आतच असतो. टाक्यांत, नळ्यांत, उकळत्या पॅनमध्ये. तो तसाच सोडला तर आंबतो, त्यातली साखर फुटते. म्हणून गव्हाण आधी बंद, मग मिल, मग आतला रस शेवटच्या पॅनपर्यंत आटवून साखर काढून घ्यायची. आणि हे होईस्तोवर बॉयलरनं वाफ पुरवायची. सगळ्यांचं आवरून झालं, की मग विस्तव उतरवायचा. तोही एकदम नाही. ड्रम हात लावण्याजोगा व्हायला दोन-तीन दिवस जायचे आणि तोवर पाण्याच्या पातळीच्या काचेवरून कुणाची तरी नजर हलायची नाही. "जो आधी उठतो तो शेवटी झोपतो," अण्णा म्हणायचे, भाकरी मोडता मोडता, काही विशेष सांगतोय असा आव न आणता.

एकदा भर हंगामात कारखान्याची वीज झटक्यात गेली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मिलची ती सतत पोटात घुमणारी घरघर तुटली आणि कॉलनीत अशी शांतता पसरली की लोक घराबाहेर आले. आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. तो आवाज मी आजही वर्णन करू शकत नाही. आकाश फाडल्यासारखा, न संपणारा. आईनं माझे कान दाबून धरले होते. वाफ घेणारं सगळं थांबलं होतं, पण भट्टीतल्या विस्तवाला कुणी थांब म्हणालंच नव्हतं. विस्तवाला बटण नसतं. अण्णा पहाटे घरी आले तेव्हा त्यांच्या भुवया काजळीनं एकच झाल्या होत्या. पाणी प्यायले, भिंतीला टेकून बसले. पॅनमधला माल कडक झालाय, आता छिन्नीनं खोदावा लागेल, एवढंच बोलले.

पहिल्या नोकरीत त्या तळघरातल्या एका मशीनवर मी सुरुवातीच्या सेवांची, म्हणजे मशीन उठताना चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची, फोल्डरं उघडून बघितली, तेव्हा मला अण्णांचा कारखानाच दिसला. त्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स, तेव्हा जुन्या पद्धतीनं उठायची. प्रत्येक सेवेच्या स्क्रिप्टला एक अक्षर आणि एक आकडा. ‘एस’ म्हणजे उठव, ‘के’ म्हणजे निजव. नेटवर्क एस १०, मायएसक्यूएल एस ६४, वेबसर्व्हर एस ८५. आकडा लहान, तो आधी. मग मी ‘के’ची यादी पाहिली. वेबसर्व्हर के १५, मायएसक्यूएल के ३६, नेटवर्क के ९०. पंच्याऐंशी आणि पंधरा, चौसष्ट आणि छत्तीस, दहा आणि नव्वद. बेरीज शंभर. सगळ्याच स्क्रिप्टांचं असं जमत नाही, पण ज्यांनी हे आकडे दिले त्यांच्या डोक्यात हिशेब तोच होता: शेवटी उठला तो आधी झोपेल, आधी उठला तो शेवटी. माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री मी कॉलनीतल्या शेजाऱ्यांच्या फोनवर अण्णांना बोलावून घेतलं आणि हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "मग तुमच्यात बॉयलर कोण?"

"इनिट म्हणून असतो. पहिली प्रोसेस. त्याचा नंबरच एक."

"तो बंद पडला तर?"

"पडत नाही. त्याला नऊ नंबरही लागू होत नाही. आणि तरी कशानं गेलाच तर सगळं मशीन जातं."

"मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

आता ती शंभराची बेरीज राहिली नाही. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी इनिटच्या जागी सिस्टमडी आणलं, २०११ मध्ये फेडोरा या लिनक्सनं ते घेतलं, २०१५ मध्ये डेबियन या दुसऱ्या लिनक्सनं. आज बहुतेक लिनक्सवर नंबर एकची प्रोसेस तीच आहे. ओळीनं एकेकाला उठवण्यापेक्षा ज्यांचं एकमेकांवाचून अडत नाही त्यांना एकदम उठवायचं, आणि ज्याचं अडतं त्यानं आपल्या फाइलीत लिहायचं की मी अमक्याच्या नंतर. मला सुरुवातीला ते अजिबात आवडलं नव्हतं. आकडे दिसायचे, बोट ठेवता यायचं. इथे क्रम फाइलीफाइलींत विखुरलेला. जुळवून घ्यायला मला दोन-तीन वर्षं लागली आणि त्या काळात मी त्याबद्दल पुष्कळ कडवटपणे बोललो, तो निव्वळ सवयीचा राग होता. कारण मूळ गोष्ट त्यांनी जपली होती. ‘अमक्याच्या नंतर’ असं उठण्यासाठी लिहिलं, की बंद होताना सिस्टमडी तोच क्रम आपणहून उलटा करतं. वेगळं काही लिहावं लागत नाही. अण्णांचं वाक्य त्याच्या पोटातच आहे.

आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती मला त्या फेब्रुवारीनंतर खऱ्या अर्थानं दिसली. सेवा बंद करायला सांगितली, की सिस्टमडी आधी पंधरा नंबरचा निरोप देतं आणि थांबतं. किती? वेगळं काही सांगितलं नसेल तर ९० सेकंद. मशीन बंद करताना कधी कधी स्क्रीनवर लाल चांदण्या डावी-उजवीकडे सरकत राहतात आणि शेजारी सेकंद मोजले जातात: अमुक सेवा थांबण्याची वाट बघतोय, बारा सेकंद, दीड मिनिटापैकी. लोक वैतागतात. मीही वैतागायचो, कित्येक मशीनवर ती मुदत दहा सेकंदांवर आणून ठेवली होती. आता तो आकडा बघताना माझ्या मनात येतं, कुणीतरी बसून ठरवलं असेल की एखाद्याला आवरायला किती वेळ द्यावा. नव्वद सेकंद ही कुठल्याही शास्त्रातून आलेली संख्या नाही. वेब पानं वाढणाऱ्या प्रोसेसला ती भरपूर आहे. लाखो नोंदी जागेवर ठेवणाऱ्या डेटाबेसला काहीच नाही. म्हणून सेवेच्या फाइलीत एक ओळ लिहून ती वाढवता येते, पंधरा मिनिटं, अर्धा तास, हवं तर अमर्याद. त्या घटनेनंतरच्या आठवड्यात मी प्रत्येक डेटाबेसची फाइल उघडून ती ओळ लिहिली. आकडा टाकताना दर वेळी मी त्या डेटाबेसवर रोज काय काय चालतं ते आठवून बघत होतो. हे काम मी आधीच करायला हवं होतं.

थांबणं हे थांबणाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतं, हेही मला मशीननंच दाखवलं. प्रोसेस संपली की ती लगेच यादीतून जात नाही. तिनं संपताना एक आकडा मागे ठेवलेला असतो, नीट संपले की बिघडून, हे सांगणारा. ज्या प्रोसेसनं तिला जन्म दिला, त्या आईबापानं तो आकडा विचारून घ्यायचा असतो. त्यांनी विचारलंच नाही, तर ती यादीत तशीच राहते. मेमरी नाही, काम नाही, नुसती एक ओळ. तिला झोंबी म्हणतात. नवखा माणूस तिला नऊ मारतो आणि चक्रावतो, कारण जी मेलीच आहे तिला काय मारणार. मला हे समजावून सांगायची वेळ येते तेव्हा मी आमच्या आजोबांच्या सातबाऱ्याचं सांगतो. आजोबा गेल्यानंतर नऊ वर्षं सातबाऱ्यावर त्यांचंच नाव होतं. शेत अण्णा आणि काका कसत होते, पण वारसनोंद कुणी केली नव्हती. भावाभावांत थोडं धुसफुसत होतं, दोघंही तलाठ्याकडे जायचं टाळत होते. सोसायटीचं कर्ज काढायची वेळ आली तेव्हा ते नाव आडवं आलं. मेलेल्या माणसाच्या नावावर कर्ज मिळत नाही आणि जिवंतांच्या नावावर जमीन नव्हती. शेवटी दोघं एकाच मोटारसायकलवर बसून गेले, फेरफार झाला, आणि आजोबा त्या कागदावरून गेले. अण्णा त्या दिवशी संध्याकाळी आजोबांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. प्रोसेसचे आईबापच न विचारता संपून गेले, तर पोरकी प्रोसेस नंबर एककडे जाते. तो मात्र न चुकता विचारून घेतो. कुणाचाही आकडा तो पडू देत नाही.

मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी कारखाना बंद पडला. त्याची कारणं ज्यांच्या गावात असा कारखाना आहे त्यांना सांगायला नकोत. मला सांगायचंय ते त्या वर्षीच्या एप्रिलचं. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं की हा शेवटचा हंगाम. अण्णांनी आणि त्यांच्या पाळीच्या लोकांनी दर वर्षीसारखाच बॉयलर उतरवला. नळ्या घासल्या, राख काढली, व्हॉल्व्हना ग्रीस भरलं. ड्रम कोरडा करून आत चुनकळीचे ट्रे ठेवले, पावसाळ्यातली ओल चुन्यानं पिऊन टाकावी म्हणून, आणि झाकण घट्ट बसवलं. पुढच्या हंगामाला पेटवायला बगॅसच्या गासड्या रचून त्यावर ताडपत्री टाकली. पगार तीन महिने थकलेले होते. दसरा आला, कुणी पूजेचं निमंत्रण आणलं नाही. अण्णा तरी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेटपर्यंत जाऊन आले.

सिस्टमडीत दोन वेगळ्या कमांडी आहेत. एक ‘स्टार्ट’, ती सेवेला आत्ता चालू करते. दुसरी ‘एनेबल’, ती पुढच्या वेळी मशीन उठेल तेव्हा आपोआप उठायची नोंद करते. ही नोंद म्हणजे एका फोल्डरमध्ये ठेवलेला एक दुवा, बाकी काही नाही. चारशे-पाचशे दिवस अखंड चालू असलेली सेवा, सगळ्यांनी गृहीत धरलेली, मशीन एकदा बंद होऊन उठतं आणि ही उठत नाही. बघावं तर तिच्यात बिघाड काहीच नाही. कुणीतरी कधीतरी हातानं चालू केली होती आणि तो दुवा ठेवायचा राहिला होता. असं कुठल्याही मशीनवर दिसलं की ते गेटपर्यंत जाऊन आलेले अण्णा मला दिसतात. त्यांनी बंद करण्यात काहीच चूक केली नव्हती. पुढे काही वर्षांनी भंगारवाल्यांनी गॅसकटरनं ड्रम कापला, तेव्हा तिथे असलेल्या एका ओळखीच्या माणसानं अण्णांना येऊन सांगितलं की आतून पत्रा चकचकीत होता, गंजाचा ठिपका नव्हता. अण्णांनी मान हलवली. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. वाटलंही असेल. पण चेहऱ्यावर जे दिसलं ते वेगळं होतं, आणि त्याला कोणता शब्द लावावा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या फेब्रुवारीच्या रात्रीनंतर मी तिला हे सगळं सांगितलं नाही. मी तिला फक्त एवढंच म्हणालो की चूक माझी होती, तू विचारलंस ते बरोबर होतं, आणि पुढच्या वेळी ठिपके पडत असले तर दुसरी खिडकी उघडून आधी लॉग बघ, तो काय करतोय ते तो सांगत असतो. तिनं ते वहीत लिहून घेतलं. कमांडी ती अजूनही हातानं वहीत लिहिते. आज ती स्वतः चार जणांची टीम सांभाळते.

गेल्या जुलैत ते जुनं मशीन कायमचं काढलं. त्यावरचं सगळं आधीच नव्या मशीनवर हलवलं होतं, महिनाभर कुणी त्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. डिस्क पुसून झाल्या की ते भंगारात जाणार होतं. दुपारची वेळ, बाहेर धो धो पाऊस. डेटा सेंटरमधून स्पीकरफोनवर तोच आवाज, त्या रात्री डिस्क घेऊन थांबलेला. "मॅडम, केबल ओढू का सरळ? तसंही फेकायचंच आहे."

"दादा, पाच मिनिटं थांबा," ती म्हणाली.

मी तिच्या मागे उभा होतो. तिनं आधी वेबसर्व्हर बंद केला. मग ठरल्या वेळी कामं लावणारा क्रॉन. मग मायएसक्यूएल. ‘शटिंग डाऊन’ची ओळ आली, ठिपके पडायला लागले. एक, दोन, तीन, चार. जोडलेलं कुणीच नव्हतं, परत ठेवायचं काही नव्हतं. पाचव्या ठिपक्यानंतर ‘सक्सेस’ उमटलं. ‘पीएस’ घेऊन तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मागे काही राहिलंय का बघितलं. मग मशीन बंद करण्याची कमांड दिली आणि हात मांडीवर ठेवले. आमची स्क्रीन गोठली. शेजारच्या खिडकीत पिंगची, म्हणजे मशीन जागं आहे का या हाकेची, उत्तरं अजून येत होती. एक ओळ, आणखी एक, आणखी एक. मग ती यायची थांबली. फोनमधून पंख्यांचा आवाज येत होता, तो उतरत उतरत बारीक झाला आणि त्याच्या मागचा बाकीच्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

"दिवे गेले, मॅडम."

तिनं वही ओढली आणि वेळ लिहिली. चार वाजून सतरा मिनिटं.

"आता काढा," ती म्हणाली.